घरच्या सामानाची बिस्किटं

माझा स्वभाव कौतुक करण्याचा नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात हाताखालची पोरं मला वचकून असतात. माझा नवरा सुशांत नवा शर्ट घातला की माझ्यासमोर यायच्या आधी आरशाचं मत घेऊन येतो. तरीही हल्ली मी भेटेल त्याला माझ्या सासूबाईंबद्दल सांगत सुटले आहे. ऐकणाऱ्यांना वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय. सून सासूचं इतकं गुणगान गाते म्हणजे फ्लॅट नावावर करून घ्यायचा असणार, असं आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी बोलूनही दाखवलं. बोलू देत.

गोष्ट बिस्किटांची आहे, पण ती सुरू होते बाबांच्या नाकापासून.

बाबा म्हणजे माझे सासरे, कुमार. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जन्मापासून पनवेलचे, आणि छंद एकच, खोड काढणं. कुजकेपणाने नाही हं. घास घ्यायचा, डोळे बारीक करायचे आणि हळू आवाजात म्हणायचं, "सगळं उत्तम. फक्त..." त्या 'फक्त'नंतर काय येणार याची सगळ्या घराला धास्ती. कोथिंबीर कालची आहे. हिंगाची डबी उघडी राहिलेली दिसते. आमटीला गूळ नवीन आणलाय का? आणि वैताग असा की ते दर वेळी खरं निघायचं.

माझ्या सासूबाई अरुंधती, ज्यांना मी आई म्हणते, अव्वल सुगरण. त्यांच्या शंकरपाळ्यांसाठी आमच्या सोसायटीत दिवाळीच्या आधीच नंबर लागतात. पण त्यांनाही चाळीसेक वर्षांत बाबांकडून नुसतं 'छान' कधी मिळालं नव्हतं. त्या चिडायच्या, "मग उद्यापासून तुम्हीच करा," म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ नव्याने करायला घ्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ही दोघं भांडतात. नंतर लक्षात आलं की हा त्यांचा संसार आहे.

मागच्या दिवाळीनंतर बाबा उरण नाक्यावरून भाजी घेऊन येत होते. स्कूटरपुढे कुत्रं आलं. कुत्रं वाचलं, भाजी रस्त्यावर पसरली आणि बाबांचा जबडा मोडला. डोक्यालाही मार लागला होता. जबडा तारांनी बांधला आणि बाबा कितीतरी आठवडे स्ट्रॉने पेज पीत राहिले. तारा निघाल्या त्या दिवशी आईंनी वरणभात अगदी मऊ कालवून पुढे ठेवला. बाबांनी चमचाभर तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि म्हणाले, "छान."

"आणि?" आईंनी विचारलं.

"आणि काही नाही. छान झालंय."

आई स्वयंपाकघरात परत आल्या. मी म्हटलं, "बघा, मिळालं की नाही शेवटी सर्टिफिकेट!" त्या हसल्या नाहीत. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वल्लरी, मी आज गडबडीत हिंगच विसरले होते."

मी म्हटलं, आजारी माणूस आहे, गेलं असेल लक्षात न येता. पण त्याच आठवड्यात संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला. तो वारा फिरला की आमच्याकडे धावत जाऊन खिडक्या लावायच्या असतात. सडकं रॉकेल आणि जळकं रबर एकत्र केल्यासारखा तो वास. एरवी बाबा सगळ्यात पुढे. नाक वर करून उभे राहायचे, मग तक्रारीच्या नंबरवर फोन लावायचे आणि उचलणाऱ्याला पाच मिनिटं सुनावायचे. त्या दिवशी ते गॅलरीत पेपर वाचत शांत बसले होते. मी ओढणी नाकाला लावून खिडकी ओढायला गेले. बाबांनी वर माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यांनीही खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. जरा उशिराच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोक्याला मार लागला की कधी कधी वासाच्या नसा दुखावतात. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू तेवढं कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती नाकाची असते. हळूहळू परत येईल, कदाचित नाहीही येणार. रोज ओळखीचे वास देत राहा आणि मुख्य म्हणजे खाणं सुटू देऊ नका. खाणं सुटायलाच लागलं होतं. बाबांच्या पँटी दोरीने बांधाव्या लागत होत्या, आणि पुढे काहीही ठेवलं तरी चार घास खाऊन "छान होतं, आता नको" म्हणून ते ताट सरकवायचे.

आईंनी चार छोट्या बाटल्या आणल्या. एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत कॉफी, एकीत कापूर. सकाळ-संध्याकाळ बाबांना डोळे मिटून बसवायचं आणि एकेक बाटली नाकाशी धरायची. पहिले काही दिवस बाबा मान हलवायचे, "नाही." मग एकदम सुधारणा सुरू झाली. "हो, येतोय थोडासा. लवंग ना?" आम्ही हरखलो. सुशांतने तर ऑफिसातून येताना पेढे आणले. आईंनी मात्र पेढ्याला हात लावला नाही. पुढच्या सकाळी त्यांनी काय केलं, ते मी चहा गाळताना दारातून पाहिलं. आईंनी एक पाचवी बाटली घेतली, अगदी कोरी, धुऊन वाळवलेली, आणि बाबांच्या नाकाशी धरली.

बाबांनी खोल श्वास घेतला. "लवंग," म्हणाले. "आज छान येतोय."

आईंनी बाटलीला झाकण लावलं. बाबांच्या पाठीवरून हात फिरवला, "चला, बरं वाटतंय की," म्हणाल्या आणि आत आल्या. आत आल्यावर त्यांनी नळ मोठा सोडला आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

"आपल्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतायत ते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मला भीती वाटते गं त्यांच्या त्या 'छान'ची. घरात परका माणूस जेवायला बसल्यासारखं वाटतं. माझा खोडी काढणारा नवरा मला परत हवाय."

मी चहाचा कप त्यांच्याजवळ सरकवला, एवढंच.

त्या दुपारी आईंनी बाबांना सरळ विचारलं, "अहो, एक काहीतरी सांगा, जे खावंसं वाटतं." बाबा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती बिस्किटं. बेकरीत घरचं सामान देऊन करून आणायचो ती. तोंडात ठेवलं की विरायची. चावावंच लागायचं नाही."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मी पुण्याची असून मलाही विसर पडला होता. पूर्वी घराघरातून मैदा, तूप आणि साखर डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायची पद्धत होती. बेकरीवाला आपल्याच सामानाची बिस्किटं भट्टीत भाजून द्यायचा. पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा आणि सुट्टीभर पोरांपासून लपवत बसायचं. बाबांच्या लहानपणीची बाजारातली ती बेकरी कधीच गेली; तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आई पनवेलमधल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बेकऱ्यांमध्ये जाऊन आल्या. सगळ्यांनी अदबीने सांगितलं की हल्ली घरचं सामान कुणी घेत नाही, हवी तर तयार नानकटाई न्या. आणली. बाबांच्या जबड्याला ती दगडच. चहात बुडवून बुडवून त्यांनी एक संपवली आणि म्हणाले, "छान."

"चहात बुडवलं की सगळ्याला चहाचीच चव," आई मला म्हणाल्या. "कोरडं बिस्किट त्यांच्या जिभेवर विरायला हवं. मीच करणार."

म्हणजे दोन गोष्टी साधायच्या होत्या. बिस्किट इतकं मऊ हवं की मोडलेल्या जबड्याला त्रास नको, आणि बाबांच्या पोटात चार घास जास्त जायला हवेत. मला तेव्हा एवढंच कळलं होतं. तिसरं काहीतरी आईंच्या मनात होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मी ओव्हन मागवला. मोबाइलवर व्हिडिओ शोधून दिले. आई चष्मा लावून ते बघायच्या आणि त्यातल्या मुलींना नावं ठेवायच्या. "ही बघ, तूप तसंच घेतेय. तापवायचा कंटाळा, दुसरं काय!" आणि आपण कढल्यात तूप कडकडीत तापवून मैद्यावर ओतायच्या. चर्र आवाज आला की त्यांचा चेहरा खुलायचा. तो आवाज म्हणजे त्यांचा हातखंडा. शंकरपाळी असो, चकली असो, करंजी असो, मोहन कडकडीत हवं. हे त्यांच्या हातात त्यांच्या आईकडून आलेलं. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे मीही शेजारी उभी राहून "हां, आता झालं बरोबर" म्हणत होते.

पहिल्या खेपेची बिस्किटं ताटात टाकली तर टणटण वाजली. आमच्या वरच्या मजल्यावर दमयंतीमावशी राहतात. उरणच्या कोळ्यांच्या, पोरगा बंदरात कामाला लागला आणि त्याने इथे घर घेतलं, तेव्हापासून त्यांचं आणि आईंचं रोज दुपारचं बसणं. मावशींनी बिस्किट उचललं, उलटसुलट केलं, दाताखाली धरून बघितलं आणि परत ताटात ठेवलं.

"अरुंधतीवयनी, ह्यानं नारळ फुटंल," त्या म्हणाल्या. "आनि जायफळ किती घातलंव? जायफळाचंच बिस्कुट हाय का?"

"असू दे," आई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला आईंनी ओव्हनवर राग काढला. शिट्टी आणि रिंग काढून जुना कुकर घेतला, तळाशी मीठ पसरलं आणि त्यात ताटली ठेवून भाजलं. बिस्किटं खुसखुशीत झाली. शंकरपाळी म्हणून दिली असती तर बक्षीस मिळालं असतं. पण चावावी लागत होती. बाबांनी एक दाढेखाली धरलं, कळ आली ती लपवली आणि म्हणाले, "छान." तिसऱ्या खेपेला दही घातलं. चौथीला सोडा वाढवला. ती साबणासारखी लागली. एकदा दूध घातलं तर वरून बिस्किट आणि आतून पोळी असं काहीतरी झालं, आणि सुशांतने ते शिकरणाबरोबर खाऊन टाकलं. प्रत्येक खेपेची सुरुवात मात्र तीच: कढलं, कडकडीत तूप, चर्र.

आणि प्रत्येक खेपेत जायफळ भरमसाट. आई सहाणेवर जायफळ उगाळायला बसल्या की उठायचं नाव घ्यायच्या नाहीत. सुशांत म्हणाला, आई, डोकं जड होतंय. मी म्हटलं, आई, बाकीचं जमेल तेव्हा जमेल, जायफळ तरी आपल्या हातात आहे. दर वेळी उत्तर एकच: "असू दे." माझा पारा चढायचा. इतकी चोख बाई, मीठ चिमटीने घालणारी, इथेच कशी घसरते मला कळेना. वय झालं असेल, त्यांचंही नाक गेलं की काय, इथपर्यंत माझी मजल गेली.

मार्च संपत आला तशी मीही थकले. एका दुपारी सहाव्या की सातव्या खेपेची बिस्किटं कावळ्यांसाठी गॅलरीत ठेवून मी म्हटलं, "आई, पुरे आता. आपण त्यांना खिमट देऊ, शिरा देऊ. बिस्किटंच हवीत असं थोडंच आहे?"

"त्यांनी मागितलीयत," आई म्हणाल्या. बस्स. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. ओढणी सारखी करावी तसा पदर सारखा केला आणि परात घासायला घेतली. मला खरं सांगायचं तर तेव्हा त्यांचा रागच आला. हट्टी बायकांच्या घरात राहणं सोपं नसतं, विशेषतः आपणही त्यातल्याच असलो की.

दमयंतीमावशी समोर बसून बोंबलांचे वाटे करत होत्या, सुके बोंबील, आमच्याकडे नको म्हणून वर्तमानपत्रावर दाराबाहेर. तिथूनच म्हणाल्या, "आमच्यात पन न्यायची बेकरीत. मीच जायची. आयनं तुपाचा डबा डोक्यावर दिला का चालत सुटायची. मे म्हयन्याचं ऊन. तो बेकरीवाला चाचा लय खट. डबा कानाशी धरून हालवायचा. आत डुचमळलं का परत!"

"परत म्हणजे?" आईंचा परातीवरचा हात थांबला.

"परत म्हंजे परत. म्हनायचा, पातळ तूप मला नाय चालत, जा, घट करून आन. मी रडायची. मंग विहिरीपाशी जाऊन गार पान्यात डबा धरून बसायची. इकडं सगल्या पोरींची बिस्कुटं व्हायची, आनि मी आपली विहिरीवर!"

मावशी हसत होत्या. मीही हसले. आई मात्र हातातली घासणी तशीच धरून उभ्या होत्या.

"दमयंती, त्या चाचाला पातळ तूपही चालत नव्हतं?"

"नाय म्हनजे नाय."

"आणि मी कडकडीत घालतेय," आई म्हणाल्या. स्वतःशीच. मग कपाळावर हात मारला, ओला, साबणाचा. "अगं वल्लरी, कडकडीत मोहनाने काय होतं? पदार्थ खुसखुशीत होतो. होणारच! त्यासाठीच घालतो आपण. मला खुसखुशीत नकोय, मला विरणारं हवंय. इतक्या दिवसांत एकदाही डोक्यात आलं नाही. हात आपला तापवतोय आणि ओततोय, तापवतोय आणि ओततोय!"

मावशींना काही फार सांगितल्यासारखं वाटलं नव्हतं. त्या पुन्हा बोंबलांकडे वळल्या. त्यांना आठवत होतं ते रडणं आणि विहीर. त्यावरून पुढचं जोडलं ते आईंनी. ज्या चर्र आवाजावर त्यांचं सगळं नाव उभं होतं, तोच आवाज इथे चुकीचा आहे हे एका क्षणात मान्य करायला मोठं मन लागतं. मी ऑफिसात पाहते, लोक चुकलेला हिशेब सोडत नाहीत, मग भले सगळं बुडू दे. आईंनी त्याच दुपारी कढलं वरच्या फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तूप फ्रिजमधून काढलं. त्यांचं तूप रवाळ, दाणेदार. त्याचाही त्यांना केवढा अभिमान. ते परातीत घेतलं, परात बर्फाच्या पाण्याच्या तसराळ्यात ठेवली आणि तळहाताने फेसायला बसल्या. दाणे हाताखाली मोडत गेले. पिवळं तूप फिकट झालं, मग साईसारखं, मग पांढरंशुभ्र. मी म्हटलं, मी मिक्सरने करून देते. म्हणाल्या, "मिक्सर गरम होतो." हात दुखला की दुसऱ्या हाताने, तोही दुखला की पुन्हा पहिल्याने. शेवटी त्यांनी वाटीभर पाण्यात त्यातला एक ठिपका सोडला. तो टुणकन वर येऊन तरंगला. मग पिठीसाखर, चमचाभर दही, मैदा, मूठभर बेसन. मळलं नाही, नुसतं गोळा केलं. आणि हो, जायफळ. सहाण भरून.

"आई!" मी ओरडले. "आज तरी!"

"असू दे."

बिस्किटं ओव्हनमधून आली तेव्हा वरती चिरा पडल्या होत्या, कडा जेमतेम रंगलेल्या. गार होईपर्यंत आईंनी कुणाला हात लावू दिला नाही. मग मी एक तोंडात ठेवलं. चावायला गेले तर चावायला काही उरलंच नाही. जीभ टाळूला टेकवली आणि ते गेलं. फक्त तुपाचा गोडवा आणि मग नाकातोंडात जायफळाचा लोट. मी आईंकडे बघितलं. मला खरंच भरून आलं होतं, आणि त्याच वेळी त्या जायफळाचा संतापही येत होता. इतकं सुंदर काही करून त्यावर असा बोळा फिरवायचा!

बाबांनी एक खाल्लं. कळ आली नाही. दुसरं स्वतःच्या हाताने उचललं, मग तिसरं. "छान," म्हणाले. आईंनी मान डोलावली आणि डबा भरून ठेवला.

त्यानंतर आई दर दोन-तीन दिवसांनी तूप फेसत राहिल्या. उजवं मनगट सुजलं तर पट्टी बांधून डाव्या हाताने. बाबांच्या पँटींना दोरी लागेनाशी झाली. नाश्त्याला चार, दुपारी चहाआधी चार, कोरडी. आणि प्रत्येक वेळी "छान". मला वाटलं, झालं, आपलं काम झालं. वास काही आता परत येत नाही, पण माणूस जेवतोय. मी आईंना तसं म्हणालेसुद्धा. त्या म्हणाल्या, "बघू." आणि बाबा बिस्किट तोंडात टाकताना त्या दर वेळी, दर वेळी, हातातलं काम सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या.

एप्रिलातली दुपार होती. मी घरूनच काम करत होते, दमयंतीमावशी पंख्याखाली पाय पसरून बसल्या होत्या, आई आत परातीशी. बाबांनी डब्यातलं बिस्किट घेतलं, तोंडात टाकलं आणि पेपरचं पान उलटलं.

"छान," म्हणाले.

मग पान उलटता उलटता थांबले. डोळे बारीक झाले.

"फक्त..."

आतला परातीचा आवाज बंद झाला. मी लॅपटॉपवरून मान वर केली. तो शब्द या घरात मी किती महिन्यांनी ऐकत होते.

"फक्त काय?" आतून आईंचा आवाज.

"जायफळ जरा जास्त झालंय, अगं."

"जरा?" दमयंतीमावशी उसळल्या. "मी कवाधरनं बोंबलतंय!"

आई दारात आल्या. दोन्ही तळवे तुपाने पांढरे, एका मनगटाला पट्टी. "काही जास्त नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

"अगं, बरोबर काय? नाक भरून गेलं माझं!" बाबा म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. हातातला उरलेला तुकडा त्यांनी हळूच नाकाशी नेला. डोळे मिटले. पुन्हा हुंगला. मग डोळे न उघडताच डबा ओढून घेतला आणि त्यात तोंड खुपसून बसले.

आई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "दुप्पट घालतेय," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. सगळे मला नावं ठेवत होते, ही बघा, वल्लरी तर तोंडावर बोलली. म्हटलं, ज्यांनी म्हणायला हवं ते म्हणेपर्यंत कमी करायचं नाही."

बाबांनी डब्यातून तोंड वर काढलं. नाकाच्या शेंड्याला चुरा लागला होता. "मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी म्हणाला असतात, हो हो, येतोय वास. तुम्हाला रिकाम्या बाटलीत लवंग येते."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते उठले, आपल्या खिशातला रुमाल काढला, आणि आईंचे हात तुपाचे होते म्हणून स्वतःच त्यांचे डोळे पुसले. दमयंतीमावशी उगाचच पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. मी लॅपटॉप बंद केला. मीटिंग चालू होती, चालू राहिली.

आणि मी? महिनाभर जिच्यावर जायफळासाठी करवादत होते, ती बाई आम्हा सगळ्यांच्या बोलण्याला पुरून उरली होती. सुगरण म्हणून मिरवणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने रोज पदार्थ बिघडवायचा, शेजारणीने हसायचं, सुनेने झापायचं, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मला नसतं जमलं. मी तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कारण सांगून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी आईंनी नव्याने तूप फेसलं. या वेळी सहाणेवर जायफळाचे मोजून चार वळसे दिले. बिस्किटं अशी झाली की सुशांत डबा घेऊन खोलीत जाऊन बसला आणि मला दार वाजवून माझा वाटा मागावा लागला. आईंनी एक बशीत घालून बाबांच्या पुढे ठेवलं आणि पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

बाबांनी बिस्किट जिभेवर ठेवलं. विरेपर्यंत थांबले. डोळे बारीक केले.

"सगळं उत्तम," म्हणाले. "फक्त, आता जायफळ कमी पडलं."

"मग उद्यापासून तुम्हीच करा," आई म्हणाल्या, आणि उद्यासाठी तूप फ्रिजमध्ये ठेवायला आत गेल्या.